वाचकांचे प्रश्न : वेब प्रोजेक्ट नेमका अडतो कुठे?

(कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे.)

प्रश्न : बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला पीएचपी आहे. लॅबमध्ये नीट चालणारे पान घरी उघडले की स्क्रीनवर सगळा कोडच दिसतो. एक्सॅम्प (घरच्या संगणकावर सर्व्हर चालवणारा संच) सुरू आहे, त्यातला अपाची सर्व्हर हिरवा आहे. मग चूक कुठे?
– एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : आधी ब्राउझरमधला पत्ता वाचा. तो 'फाइल' या शब्दाने सुरू होत असेल, तर पान थेट डिस्कवरून उघडले गेले आहे आणि अपाचीला कोणी विचारलेलेच नाही. पत्त्यात ५५०० हा आकडा दिसत असेल, तर तुम्ही व्हीएस कोडमधला लाइव्ह सर्व्हर वापरता आहात. तो एचटीएमएलसाठी छान आहे, पण पीएचपी चालवत नाही. पीएचपी सर्व्हरवर चालते, ब्राउझरच्या हाती फक्त तयार एचटीएमएल पडते. फोल्डर एक्सॅम्पच्या 'एचटीडॉक्स'मध्ये ठेवा आणि पत्त्यात 'लोकलहोस्ट', तिरकी रेघ, फोल्डरचे नाव असे टाइप करा. तरीही कोडच दिसला, तर दोन गोष्टी तपासा. फाइलचे शेपूट चुकून एचटीएमएल राहिले आहे का? आणि सुरुवातीच्या खुणेत प्रश्नचिन्हानंतर 'पीएचपी' ही अक्षरे लिहिली आहेत का? नुसत्या प्रश्नचिन्हाची आखूड खूण बऱ्याच ठिकाणी बंद केलेली असते.

यापुढे काहीही अडले की एफ१२ दाबून 'नेटवर्क'मध्ये पान पुन्हा लोड करा. ४०४ आले तर पत्ता किंवा फाइलचे नाव चुकले आहे. ५०० आले तर कोड सर्व्हरवर कोसळला आहे, कारण अपाचीच्या एरर लॉगमध्ये सापडेल. २०० आले आणि तरी पान चुकीचे असेल, तर क्वेरी किंवा तर्क तपासायचा. एवढे न पाहता कोड बदलत बसणे म्हणजे दुखणे गुडघ्यात आणि पट्टी कोपराला.

प्रश्न : पावसात अचानक वीज गेली आणि लॅबच्या संगणकावरचा माझा डेटाबेस सुरूच होईना. 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' असा लाल संदेश येतो. पंधरा दिवसांची एंट्री आहे. परत मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : बहुधा मिळेल. एक्सॅम्प काढून पुन्हा टाकू मात्र नका, त्यात हमखास सगळे जाते.

पहिल्यांदा खात्री करा की कारण वीजच आहे. कंट्रोल पॅनेलवर 'नेटस्टॅट' बटण असते. डेटाबेस ज्या दारातून बोलतो ते ३३०६ हे पोर्ट दुसऱ्याच कोणी धरले असेल, उदाहरणार्थ कोणी वेगळे मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) बसवले असेल, तर तो प्रोग्राम थांबवला की काम झाले. तसे नसेल तर 'लॉग्स' उघडून शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचा. फायली बिघडल्याचे तिथे लिहिलेले असते.

मग असे करा. एक्सॅम्प पूर्ण बंद करा. त्यातल्या 'मायएसक्यूएल' फोल्डरमध्ये 'डेटा' आणि 'बॅकअप' असे दोन फोल्डर दिसतील. 'डेटा'ची अख्खी प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आता 'डेटा'चे नाव बदलून 'डेटा-जुना' करा, 'बॅकअप'ची प्रत काढा आणि त्या प्रतीला 'डेटा' हे नाव द्या. 'डेटा-जुना'मधून तुमच्या डेटाबेसच्या नावाचे फोल्डर नव्या 'डेटा'त आणा आणि त्यांच्यासोबत 'आयबीडेटा१' ही फाइलही आणा, आधीचीवर चढू द्या. 'मायएसक्यूएल', 'परफॉर्मन्स स्कीमा', 'पीएचपीमायअ‍ॅडमिन' हे फोल्डर आणि 'आयबी' ने सुरू होणाऱ्या लॉग फायली आणू नका. आता सुरू करा.

'आयबीडेटा१' का, तर इनोडीबी (डेटाबेसमधला टेबले साठवणारा भाग) आपल्या टेबलांची नोंदवही त्या फाइलीत ठेवते. ती न आणता नुसते फोल्डर आणले तर टेबलांची नावे यादीत दिसतील, पण उघडायला गेलात की १९३२ क्रमांकाची चूक येईल. डेटाबेस उठला की त्याच मिनिटाला पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचे साधन) एक्सपोर्ट काढा. जून ते सप्टेंबर रोज घरी जाताना ती एसक्यूएल फाइल स्वतःला मेल करायची सवय ठेवा, आणि संगणक बंद करण्याआधी 'स्टॉप' दाबा.

प्रश्न : आमच्या गटाचा प्रोजेक्ट म्हणजे देवस्थानच्या अग्रशाळेतील खोल्यांचे बुकिंग. खोली, येण्याची तारीख, जाण्याची तारीख असे टेबल आहे. नवी तारीख जुन्या दोन तारखांच्या 'बिट्वीन' येते का ते तपासतो. तरीही जत्रेच्या दिवसांची एकच खोली दोघांना गेली, आणि रिकामी खोली मात्र 'उपलब्ध नाही' दाखवते. परीक्षकांनी विचारले तर काय सांगावे?
– चार विद्यार्थी, फोंडा

उत्तर : विषय उत्तम निवडलात. लायब्ररी मॅनेजमेंट पाहून परीक्षक कंटाळलेले असतात. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली तर्काची. समजा खोली क्रमांक ४ ही १० ते १३ तारखेसाठी दिलेली आहे, म्हणजे १०, ११ आणि १२ या तीन रात्री. आता कोणी ९ ते १४ मागितली. ९ ही १० आणि १३ च्या मध्ये नाही, १४ ही नाही. तुमची तपासणी म्हणते, जा, खोली मोकळी! नवे बुकिंग जुन्याला दोन्ही बाजूंनी गिळते तेव्हा 'बिट्वीन' आंधळे होते. उलट कोणी १३ ते १५ मागितली, तर 'बिट्वीन' दोन्ही टोके धरत असल्यामुळे १३ ला अडते. खरे तर पाहुणे १३ ला सकाळी खोली सोडून गेलेले असतात.

बरोबर अट दोन तुकड्यांची आहे : नवी येण्याची तारीख जुन्या जाण्याच्या तारखेपेक्षा आधीची, आणि नवी जाण्याची तारीख जुन्या येण्याच्या तारखेनंतरची. दोन्ही खरे असेल तरच टक्कर. ९–१४ घालून पाहा : ९ ही १३ च्या आधी, १४ ही १० च्या नंतर, म्हणून टक्कर. १३–१५ : १३ ही १३ च्या आधी नाही, खोली मोकळी. 'लहान किंवा समान' हे चिन्ह टाकण्याचा मोह टाळा, सगळा फरक त्या समान चिन्हात आहे.

दुसरी चूक वेळेची. आधी 'सिलेक्ट'ने पाहायचे आणि मग 'इन्सर्ट' करायचे, यांत एक फट राहते. दोन भक्तांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोघांनाही खोली मोकळी दिसते आणि दोघांचीही नोंद होते. तर्क कितीही बरोबर असला तरी ही फट पीएचपीत बुजत नाही, ती डेटाबेसनेच बुजवायची असते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे 'रात्री' नावाचे आणखी एक टेबल. त्यात बुकिंग क्रमांक, खोली क्रमांक आणि तारीख. १० ते १३ च्या बुकिंगला तीन ओळी. खोली आणि तारीख या दोन स्तंभांवर मिळून एकच युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणारा नियम) लावा. प्रत्येकावर वेगळी लावलीत तर एक खोली आयुष्यात एकदाच देता येईल! बुकिंगची ओळ आणि रात्रींच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, म्हणजे एकतर सगळ्या जातील, नाहीतर एकही नाही. दुसरा माणूस तीच रात्र घालू गेला की १०६२ क्रमांकाची चूक येते. ती पकडा, रोलबॅक करा (अर्धवट नोंदी मागे घ्या) आणि 'ही खोली आत्ताच गेली, दुसरी निवडा' असा संदेश द्या. नुसती लाल चूक स्क्रीनवर फेकू नका. रद्द करताना रात्रींच्या ओळी पुसा, बुकिंगची ओळ 'रद्द' अशी ठेवा, हिशेबाला लागते. टेबल इनोडीबी आहे ना तेही पाहा. जुन्या नोट्समधून उचललेल्या कोडमध्ये कधी कधी मायआयसॅम हा टेबलाचा जुना प्रकार लिहिलेला असतो. त्यात रोलबॅक काही करत नाही आणि मोठी तक्रारही करत नाही.

परीक्षकांना दाखवायचे असेल तर तपासणी आणि इन्सर्ट यांच्यामध्ये दहा सेकंदांचा 'स्लीप' घाला आणि दोन ठिकाणांहून बुक करा. मात्र एकाच ब्राउझरच्या दोन टॅब चालणार नाहीत. पीएचपी एका सेशनची (एका ब्राउझरच्या भेटीची नोंद) फाइल एका वेळी एकालाच देते, म्हणून दुसरी टॅब पहिलीची वाट पाहत बसते आणि फट आहे हे दिसतच नाही. एक क्रोम, एक फायरफॉक्स घ्या.

जाता जाता : तुम्ही पाठवलेल्या फॉर्ममध्ये खोलीचे ८०० रुपये भाडे लपवलेल्या इनपुटमध्ये आहे. एफ१२ उघडून कोणीही ते ८ करील. फॉर्ममधून फक्त खोली क्रमांक आणि तारखा घ्या, भाडे सर्व्हरने टेबलातून काढावे. जावास्क्रिप्टची तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, राखण करायला ती उपयोगाची नाही.

प्रश्न : मराठीत नावे भरली की टेबलात 'पणजी'ऐवजी चार प्रश्नचिन्हे येतात. मैत्रिणीकडे तर पानावर बरोबर दिसते, पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये भलतीच चिन्हे. शिवाय 'लक्ष्मीकांत' हे नाव वीस अक्षरांहून मोठे म्हणून फॉर्म नाकारतो!
– एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : डोळ्याला 'पणजी'त तीन अक्षरे दिसतात, संगणकाला चार : प, ण, ज आणि दुसरी वेलांटी. म्हणून प्रश्नचिन्हे चार. तुमचा स्तंभ लॅटिन१ या युरोपीय अक्षरसंचाचा आहे, स्ट्रक्चरमध्ये 'स्वीडिश' असा शब्द दिसेल. त्याच्याकडे देवनागरी अक्षरच नाही, म्हणून तो प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. टेबल यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या सामावणारा अक्षरसंच) करा. पण गेलेली नावे परतणार नाहीत, ती पुन्हा भरावी लागतील.

मैत्रिणीचा रोग वेगळा, आणि जास्त फसवा. तिचा स्तंभ बरोबर आहे, पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी चुकीच्या अक्षरसंचात बोलते. लिहिताना जी चूक होते तीच वाचताना उलटी होते, म्हणून पान साजरे दिसते. जोडणी होताच पुढच्याच ओळीत 'सेट कॅरसेट' वापरून यूटीएफ८एमबी४ सांगायचे, एवढाच उपाय. तिचा जुना मजकूर मात्र वाचवता येतो. दुरुस्तीआधी जुन्याच जोडणीने सगळे वाचून फाइलीत उतरवा, टेबल रिकामे करा आणि नव्या जोडणीने परत भरा. नुसते 'यूटीएफ८' का नाही? त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तेवढ्यात बसते, इमोजीला चार लागतात.

'लक्ष्मीकांत'चे गणित असे : हलन्त, काना, अनुस्वार सगळे धरून ११ चिन्हे, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ३३. 'स्ट्रलेन' बाइट मोजते, म्हणून ३३ म्हणाली. 'एमबी_स्ट्रलेन' वापरा, ती ११ म्हणेल. डेटाबेसातला व्हारचार(२०) चिन्हेच मोजतो, तिथे काही बदलू नका.

प्रश्न : 'पासवर्ड_हॅश' वापरल्यापासून कोणालाच लॉगिन करता येत नाही. पासवर्ड बरोबर असूनही 'व्हेरिफाय' कायम 'फॉल्स'.
– मडगाव

उत्तर : स्तंभाची रुंदी पाहा. व्हारचार(५०) असणार. नेहमीचा बीक्रिप्ट हॅश (पासवर्डचे उलटवता न येणारे रूप) ६० अक्षरांचा असतो. डेटाबेसचा कडक मोड बंद असेल तर शेवटची दहा अक्षरे मुकाट्याने कापली जातात. २५५ करा आणि सगळ्यांना पासवर्ड नव्याने ठेवायला सांगा, कापलेले हॅश कधीच जुळणार नाहीत. पासवर्ड पुन्हा हॅश करून 'व्हेअर'मध्ये तुलना करणेही चुकीचे, कारण दर वेळी नवा सॉल्ट (वाटेल तशा अक्षरांची भर) मिसळतो आणि नवा हॅश निघतो. ओळ फक्त ईमेलने शोधा, मग 'पासवर्ड_व्हेरिफाय'ला द्या. ईमेल क्वेरीत जोडताना अवतरणचिन्हे चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा.

प्रश्न : लॅपटॉपवर सगळे चालते, होस्टिंगवर टाकले की 'फाइल सापडत नाही'.
– काणकोण

उत्तर : विंडोजला 'हेडर' मोठ्या एचने लिहिले काय नि छोट्या एचने लिहिले काय, सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी नावे. टेबलांच्या नावांचेही बहुधा तेच. सगळी नावे लहान लिपीत करा. 'रूट' आणि रिकामा पासवर्ड तिथे चालत नाही, होस्टिंगने दिलेली माहिती वेगळ्या कॉन्फिग फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) चढवू नका.

प्रश्न : मुलगी यंदा बीसीएला गेली. चतुर्थीच्या सवलतीत लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार महागडे ग्राफिक कार्ड हवेच म्हणतो.
– एक पालक, वाळपई

उत्तर : वेबच्या अभ्यासाला ग्राफिक कार्ड लागत नाही. एक्सॅम्प, व्हीएस कोड आणि ब्राउझरच्या दहाएक टॅब ८ जीबी रॅममध्ये चालतात. एसएसडी मात्र हवीच, आणि पुढे रॅम वाढवायला मोकळी जागा आहे का ते विचारा. उरलेल्या पैशांतून राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, वाय-फायला नसते.