"काम काय करता?" हा प्रश्न डॉक्टर का विचारतात?

प्रश्न : वडिलांना बरेच महिने दम लागतोय, कोरडा खोकला पण आहे. छातीच्या डॉक्टरांनी सिगारेटचं वगैरे विचारलंच, पण मग अगदी पहिल्या नोकरीपासून कुठे काय काम केलं ते सगळं लिहून घेतलं. बाबा तरुणपणी चार वर्षं बॉयलर आणि पाइपांना इन्सुलेशन गुंडाळायचे, त्यांना ते आता धड आठवतही नाही. इतकं जुनं उकरून काय मिळतं? आणि कामामुळे होणाऱ्या आजारांचं हे शास्त्र नवीन आहे का?

उत्तर : नवीन अजिबात नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी योग्य केलं, वाचून खरंच बरं वाटलं कारण घाईगडबडीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

खाणीतल्या धुळीने फुफ्फुसं खराब होतात हे जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोलाने १५५६ च्या पुस्तकातच लिहिलंय. पण या शास्त्राचा जनक मानतात तो इटलीतल्या मोडेनाच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांना. त्यांच्या घरचा मैल्याचा हौद उपसायला एक माणूस आला होता, तो जिवाच्या आकांताने घाई करत होता म्हणून यांनी विचारलं की एवढी घाई कशाला, तर तो म्हणाला इथे चार तासांच्या वर थांबलं की डोळे जायची वेळ येते. वर आल्यावर यांनी त्याचे डोळे बघितले, लालभडक, नजर अंधुक. आणि उपाय काय, तर घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसायचं, कोमट पाण्याने डोळे धुवायचे, बस्स. त्यातून १७०० साली त्यांचं पुस्तक आलं, कुंभार, आरसे बनवणारे, खाणकामगार, एकेका धंद्याचे आजार घेऊन. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून डॉक्टर पेशंटला जे प्रश्न विचारत आले त्यात अजून एक घाला, तू काम काय करतोस, असं त्यांनी त्यात सांगितलं. तुमच्या बाबांना विचारलेला प्रश्न तो हाच.

पुढे १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जननी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. लहान लहान पोरांना त्या धुराड्यात चढवायचे आणि कॅन्सर निघायचा ती पोरं मोठी झाल्यावर, हे लक्षात ठेवा, खाली परत लागेल. आणि १८९५ ला ब्रिटनमध्ये कारखान्यातली शिशाची, फॉस्फरसची, आर्सेनिकची विषबाधा डॉक्टरांनी सरकारला कळवणं सक्तीचं झालं. माझ्या मते खरं वळण हे, कारण तोवर नुसती निरीक्षणं होती, इथून मोजणी सुरू झाली.

पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन १९१० पासून शिशाची विषबाधा शोधत होत्या. बाथटबला इनॅमल लावणारा एक पोलिश कामगार त्यांना आढळला, शिसं अंगात भिनलेलं. कारखान्यात गेल्या तर मालकाकडची माणसं म्हणाली आमच्याकडे त्या कामात शिसं नाहीच, आणि दाखवलं काय तर टबला रंग लावणं. त्या सरळ त्या कामगाराच्या घरी गेल्या, तेव्हा कळलं की खरं काम दुसरीकडे चालतं, लालबुंद तापलेल्या टबवर इनॅमलची पूड चाळतात आणि ती पूड श्वासातून आत जाते. पूड तपासली, त्यात शिसं निघालंच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण काम नेमकं कसं होतं ते करणाऱ्यालाच माहीत असतं. पुढे १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना सहायक प्राध्यापक म्हणून घेतलं, तिथल्या शिक्षकवर्गातली ती पहिली बाई.

आता बाबांचं. त्या काळच्या इन्सुलेशनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं, म्हणजे बारीक तंतूंचं, न जळणारं खनिज. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या ३६३ कामगारांच्या तपासणीचा अहवाल दिला, त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त जणांची फुफ्फुसं घट्ट होत चाललेली, आणि जितकी वर्षं काम जास्त तितकं प्रमाण जास्त. त्या तंतूंचा त्रास बऱ्याचदा २०, ३०, कधी ४० वर्षांनी दिसतो, धुराड्यातल्या पोरांसारखंच. म्हणून ती चार वर्षं महत्त्वाची. बाबांना तेच झालंय असं मी इथून म्हणू शकत नाही, ते तपासणीतच कळेल. पण बाबांसोबत शांतपणे बसा, जुन्या सहकाऱ्यांना फोन करा आणि कागदावर लिहून काढा, कुठली वर्षं, कशाचं इन्सुलेशन, सुकं कापायचे का ओलं, तोंडावर काही बांधायचे का, आणि हो, कामाचे कपडे घरी आणून कोण धुवायचं तेही, कारण त्या धुळीने घरातल्यांनाही आजार झालेत.