वाचकांचे प्रश्न : ‘रिअर’ अ‍ॅडमिरल कोणाच्या मागे?

प्रश्न : माझा भाचा नौदलात कॅप्टन आहे, पण आमच्या सोसायटीतले काही जण कॅप्टन हे कनिष्ठ पद असल्याचे सांगतात. शिवाय ‘व्हाइस’ म्हणजे उप, तर मग व्हाइस अ‍ॅडमिरल हा रिअर अ‍ॅडमिरलपेक्षा वरिष्ठ कसा?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : आपल्या भाच्याचे पद मुळीच कनिष्ठ नाही. भूदलातील कॅप्टन हा नौदलातील लेफ्टनंटच्या बरोबरीचा असतो. नौदलातील कॅप्टन मात्र कर्नलच्या बरोबरीचा असतो. त्याच्यावर कमोडोर म्हणजे ब्रिगेडियरच्या तोडीचा अधिकारी, आणि त्यानंतर रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल व अ‍ॅडमिरल अशी चढती भाजणी आहे.

‘अ‍ॅडमिरल’ या शब्दात अरबी ‘अमीर’, म्हणजे सरदार, दडलेला आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर शिडांच्या जहाजांच्या काळात सापडते. सतराव्या शतकात इंग्लंडचे आरमार तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन तुकड्यांत विभागलेले असे, आणि प्रत्येक तुकडी लढाईत लांबच लांब रांग धरून चाले. तुकडीचा मुख्य सेनानी मध्यभागी राही; त्याचा पहिला दुय्यम आघाडी सांभाळी, तो व्हाइस अ‍ॅडमिरल; आणि पिछाडी ज्याच्याकडे असे, तो रिअर अ‍ॅडमिरल. म्हणजे ‘रिअर’ हा शब्द मुळात रांगेतली जागा सांगतो, आणि ती जागा आघाडीपेक्षा खालची मानली जाई. कोणाचे जहाज कोणते, हे दुरून ओळखू यावे म्हणून अ‍ॅडमिरलचा ध्वज मधल्या डोलकाठीवर, व्हाइस अ‍ॅडमिरलचा पुढच्या आणि रिअर अ‍ॅडमिरलचा मागच्या डोलकाठीवर फडके. या अधिकाऱ्यांना ‘फ्लॅग ऑफिसर’ म्हणतात ते त्यावरूनच. रंगांच्या तुकड्या 1864 मध्ये बंद झाल्या, पदांची नावे मात्र टिकली.

आपल्याकडे 22 एप्रिल 1958 रोजी रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले, तेव्हा त्यांचे पद व्हाइस अ‍ॅडमिरलचे होते. 1962 ते 1966 या काळात नौदलाची धुरा वाहिलेले भास्कर सदाशिव सोमण हेसुद्धा व्हाइस अ‍ॅडमिरलच होते; मराठी वाचकांनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते. प्रमुखाला पूर्ण अ‍ॅडमिरलचे पद 1968 मध्ये अधर कुमार चटर्जी यांच्यापासून मिळाले. अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट हे सर्वोच्च पद भारतात अद्याप कोणालाही दिलेले नाही.

प्रश्न : अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची नवी चिन्हे शिवकालीन आहेत का? आपल्या आरमारात अ‍ॅडमिरलला काय म्हणत?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ही चिन्हे शिवकालीन नाहीत, परंतु त्यांची प्रेरणा तीच आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी मालवण येथील नौदल दिनाच्या सोहळ्यात पंतप्रधानांनी याची घोषणा केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नवी स्कंधचिन्हे जाहीर झाली. त्यांतील अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. त्यासोबत तलवार, दुर्बीण आणि पदानुसार तारे आहेत. पदांची नावेही भारतीय परंपरेनुसार ठेवण्याचा मनोदय त्याच सोहळ्यात व्यक्त झाला होता.

या परंपरेचा एक धागा ठाणे जिल्ह्यातलाच आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर तेथील खाडीत, दुर्गाडीच्या परिसरात, महाराजांच्या जहाजबांधणीला आरंभ झाला. त्या आरमारात जहाजावरच्या खलाशांचा प्रमुख तो तांडेल (हे आडनाव आपल्या कोळीवाड्यांत आजही भेटते), आणि पुढे आंग्र्यांच्या काळात साऱ्या आरमाराचा अधिपती तो सरखेल. तरीही सरखेल म्हणजे अ‍ॅडमिरल असे थेट समीकरण मांडू नये, असे माझे मत आहे. सरखेलाच्या हाती जहाजांबरोबर किल्ले आणि मुलूखही असे, आणि 1729 मध्ये कान्होजी आंग्रे यांचे निधन झाल्यावर ते पद त्यांचे पुत्र सेखोजी यांच्याकडे आले; नौदलातील पद असे वारशाने मिळत नाही.