प्रश्न: मुलीचं लग्न जर्मन मुलाशी ठरलंय. त्यांच्याकडे लग्नाची अंगठी कोणत्या हातात घालतात?

उजव्या हाताच्या अनामिकेत, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटात. जर्मनीत साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात असते आणि लग्नाची उजव्या. काही जोडपी साखरपुड्याचीच अंगठी लग्नाच्या वेळी डावीकडून उजवीकडे नेतात. ऑस्ट्रिया, पोलंड, नॉर्वे, रशिया, ग्रीस इथेही उजवाच हात. आपण सिनेमांत पाहतो तो डावा हात इंग्लंड-अमेरिकेचा, आणि तोही तिथे कायमचा नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नवरीच्या उजव्या हातात अंगठी घालत. १५४९ च्या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने डावा हात ठरवून दिला. डाव्या अनामिकेतून एक शीर थेट हृदयाकडे जाते, हे कारण नेहमी सांगितलं जातं. समजूत रोमन काळापासूनची आहे, पण शरीरशास्त्राला ते मान्य नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये मात्र वाङ्निश्चयाच्या विधीतच दोघांच्या उजव्या हातात अंगठ्या घालतात, म्हणून ग्रीस-रशियाची पद्धत तशी.

एक लक्षात घ्या: हा रिवाज आहे, कायदा नाही. जर्मन विवाह नोंदणी कार्यालयात अंगठी नसली तरी लग्न लागतं, आणि आवड म्हणून किंवा डावखुरे असल्यामुळे उलट्या हातात घालणारेही भेटतात. त्यामुळे माप देताना जावयालाच विचारा, कोणत्या हाताचं. दोन्ही हातांची बोटं नेमकी सारखी नसतात, आणि उजव्या मापाची अंगठी डाव्या बोटात सैल होऊ शकते.