जर्मनीत शाळेचं मैदान नको, क्लब बघा

ताई, तुमची मुलगी आठवीत, पुण्यात सणस मैदानावर ८०० मीटर धावण्याचा सराव करते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही श्टुटगार्टला येताय. चांगलं मैदान असलेली शाळा कोणती, असं विचारलंय. माझं उत्तर: मैदानासाठी शाळा शोधूच नका, क्लब शोधा.

पुण्यात शाळेचं मैदान बघावंच लागतं. आंतरशालेय स्पर्धेत शाळेच्या नावानं उतरायचं, दहावीचे वाढीव गुण आणि अकरावीचा खेळाडू कोटा त्या प्रमाणपत्रांवर. इथे बहुतेक सरकारी शाळांचा खेळाचा हॉल नगरपालिकेचा असतो. दिवसा शाळा वापरते, संध्याकाळी क्लबची पोरं. क्लबला इथे 'फेराइन' म्हणतात. शालेय स्पर्धा आहेत, 'युगेंड ट्रेनिअर्ट' तर १९६९ पासून चालते, पण खरं धावणं क्लबकडूनच, आणि अधिकृत शर्यतींना क्लबमार्फत काढलेला स्टार्टपास, म्हणजे धावायचा परवाना, लागतो.

१९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडीचं क्रीडासंकुल पाहिलेल्या माणसाला इथलं घराजवळच्या क्लबचं मैदान अगदीच साधं वाटेल. पण मुलगी तिथे सायकलनं एकटी जाईल. कोथरूडहून बालेवाडीला रोज संध्याकाळी कोण नेणार? वर्गणी पुण्यातल्या खासगी अकादमीपुढे किरकोळ. प्रशिक्षक बहुधा नोकरी सांभाळून येणारे हौशी असतात. म्हणून पालकांनीही राबायचं: स्पर्धेच्या दिवशी अंतर मोजायला टेप धरा, नाहीतर विक्रीसाठी केक करून आणा. (केकमधून सुटका नाही, आत्ताच शिकून घ्या.)

शाळेतला पीटीचा तास मात्र हलक्यात घेऊ नका. त्याचे गुण प्रगतिपुस्तकात लागतात, आणि त्यात पोहणंही येऊ शकतं. येत नसेल तर या उन्हाळ्यातच पुण्यात टिळक तलावावर पोहायला घाला.

कॉलेजचं म्हणाल, तर अमेरिकेसारखी खेळावर शिष्यवृत्ती देणारी पद्धत इथे नाही. विद्यापीठातले खेळांचे वर्ग स्वस्त असतात, पण ते हौसेसाठी. नोंदणी उघडली की लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात. तिला पुढे शारीरिक शिक्षणच करायचं असेल तर कोलोनचं क्रीडा विद्यापीठ आहे, १९४७चं. तिथे प्रवेशाआधी चाचणी होते, आणि त्यात पोहणं, जिम्नॅस्टिक्स, मैदानी खेळ सगळं येतं. नुसत्या ८०० मीटरवर भागत नाही.

घर ठरलं की जवळच्या दोन-तीन क्लबांना ईमेल करा. तिचं जन्मसाल आणि ८०० मीटरची वेळ लिहा, कारण गट जन्मसालावर ठरतो, इयत्तेवर नाही. आधी एखाद-दोन दिवस येऊन बघू द्या म्हणालात तर सहसा नाही म्हणत नाहीत.