शहराच्या विकास आराखड्यावर सामान्य माणसाने हरकत घेतली तर खरंच काही बदलतं का?

बदलतं. आमच्याकडे नकाशावरून गायब झालेला ओढा एका अर्जाने परत आला, आणि त्याच वर्षी ४१२ अर्ज देऊनही एक मैदान गेलं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या महापालिकेचा सुधारित आराखडा हरकतींसाठी खुला झालाय, सोसायटीत छापील अर्जावर सह्या घेणं चालू आहे, सही करून उपयोग आहे का आणि स्वतःची हरकत कशी लिहायची. त्यातलं 'छापील अर्ज' वाचलं आणि राहवलं नाही.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. ३१ वर्षं नकाशे काढले. शहराचं नाव लिहीत नाही, सगळी माणसं अजून आसपास आहेत.

प्रारूप आराखडा, म्हणजे शहरात कुठे रस्ता, कुठे घरं, कुठे मैदान हे ठरवणाऱ्या आराखड्याचा कच्चा मसुदा, लागला तेव्हा महापालिकेच्या तळमजल्यावर भिंतभर नकाशे टांगले होते. लोक येऊन आपलं घर शोधायचे, घरावरून रस्ता जात नाही एवढं बघून निघून जायचे. मी कॉलनीमागचा ओढा शोधत होतो. टेकडीवरून आलेली निळी रेघ शाळेपर्यंत नीट येत होती. एका सर्व्हे नंबरच्या हद्दीवर ती थांबली होती आणि हमरस्त्याच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली होती. मधल्या चारशेएक मीटरमध्ये पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग. त्याच चारशे मीटरमध्ये मी लहानपणी खेकडे पकडलेत.

ही चूक आराखड्यात जन्मली नव्हती. ती आधीच्या विद्यमान जमीन वापराच्या नकाशात होती, तिथून ती पुढे उतरली. १९६६ च्या नगररचना कायद्याचा क्रमच तसा आहे: आधी इरादा जाहीर होतो, मग जागेवर काय आहे त्याचं सर्वेक्षण, मग प्रारूप. लोकांना जाग येते ती तिसऱ्या पायरीवर. मुंबईचा २०१४-३४ चा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गाळलेल्या, अशा चुका लोकांनी दाखवून दिल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करायला लावला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. सर्वेक्षणाच्या वेळी डोळे उघडे असते तर ही वर्षं वाचली असती, असं माझं ठाम मत आहे.

मी घरी येऊन कामाला लागलो. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढली, त्यात ओढा अखंड होता. तो ट्रेसिंग कागदावर उतरवला आणि त्याच मापात प्रारूपाचा तुकडा खाली ठेवला. वर धरला की रेघ कुठे तुटते ते शाळकरी पोरालाही दिसावं. ऑगस्टमध्ये गुडघाभर पाणी वाहताना काढलेले फोटो जोडले. अर्ज दीड पानाचा. मागणी एकच: या चारशे मीटरमध्ये ओढा दाखवावा आणि दोन्ही काठांना हरित पट्टा ठेवावा.

आता अण्णांचं. अण्णा माझे थोरले बंधू, तेव्हा कॉलनीचे अध्यक्ष. कॉलनीशेजारी जुन्या आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं, म्हणजे ती जमीन मैदानासाठी राखून ठेवली होती, नव्या प्रारूपात ते अर्धं कापलं होतं. अख्खं परत मिळावं म्हणून अण्णांनी नमुना अर्ज छापून घेतला आणि घरोघर सह्या घेतल्या. मुदतीच्या आदल्या रात्री मी गेलो तर ओट्यावर गठ्ठे बांधणं चालू होतं, शंभराचा एक, सुतळीने. मी एक अर्ज उचलून वाचला. सर्व्हे नंबर ४८ बरोबर होता, पण हिस्सा नंबर, म्हणजे त्या सर्व्हे नंबरच्या पोटविभागाचा नंबर, १ ऐवजी २ छापला होता. दोन नंबरवर आधीच इमारत उभी होती.

मी म्हटलं, "अण्णा, हिस्सा चुकलाय. पेनने दुरुस्त करू, रात्रभर बसू सगळे."

"आता सह्या झाल्यात. मुद्दा कळतो त्यांना. चारशे अर्ज बघितल्यावर नंबर कोण बघतंय?"

मी त्या अर्जावर सही केली नाही. सख्ख्या भावाच्या अर्जावर सही नाही, ही गोष्ट कॉलनीत दोन वर्षं चघळली गेली.

सुनावणीला अकराची वेळ होती, माझा नंबर लागला साडेतीनला. टेबलापलीकडे नियोजन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मी ट्रेसिंग नकाशावर ठेवलं. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढून ते जवळ धरलं आणि विचारलं, "हमरस्त्याखाली काय आहे इथे?" मी सांगितलं, तीन गाळ्यांची दगडी मोरी. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ओढा नाही तर मोरी कशाला बांधली?" पाच मिनिटांत काम झालं. आमची ही सुनावणी २५ सप्टेंबर २०१९ च्या आधीची. त्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आज तुम्हाला ओढ्याचं महत्त्व पटवावं लागणार नाही.

४१२ अर्ज एकत्र पुकारले. अण्णा तळमळीने बोलले, पोरांचं, संध्याकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचं सगळं सांगितलं. अहवाल आला त्यात त्या सगळ्या अर्जांचे क्रमांक एका ओळीत आणि पुढे शेरा: अर्जात नमूद हिस्स्यावर आरक्षण प्रस्तावित नाही, सबब शिफारस नाही. माझ्या ओढ्यापुढे शिफारस होती. मंजूर आराखड्यात ओढा अखंड आला, हरित पट्टा मात्र एकाच काठाला मिळाला.

अण्णा आजही म्हणतात की तू वेगळा अर्ज टाकून कॉलनी फोडलीस. मी आजही म्हणतो की रात्रभर बसलो असतो तर निदान अर्धं मैदान राहिलं असतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: छापील अर्जावर डोळे मिटून सही करू नका. आधी सर्व्हे नंबर, हिस्सा किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट क्रमांक प्रत्यक्ष नकाशावर जाऊन पडताळा. चूक असेल तर भांडा, सही मागणारा कोणीही असो. स्वतःचा अर्ज एका विषयाचा ठेवा. रस्ता, उद्यान, पार्किंग, कचरा असं सगळं एकात कोंबलं की एकाचंही नीट ऐकलं जात नाही. काय नको ते लिहिलंत तर त्या जागी काय हवं तेही लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असं शेवटी स्पष्ट लिहा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका.

समितीचा अहवाल आला म्हणजे संपलं असं समजू नका. आराखडा पुढे शासनाकडे जातो, तिथे मोठे बदल सुचवले गेले तर त्या भागांवर पुन्हा हरकती मागवतात. त्या सूचनेकडे जवळजवळ कोणी बघत नाही. आमच्या दुसऱ्या काठाचा पट्टा तिथेच गेला आणि मी तेव्हा मुलीकडे परगावी होतो.

संख्येचा काहीच उपयोग नसतो असंही मी म्हणणार नाही. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. एवढा गठ्ठा पडला की विषय पेपरात येतो, नगरसेवकांना तोंड द्यावं लागतं. पण पुण्यातच पुढे २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये झाली. गठ्ठ्याने दार उघडतं. आत गेल्यावर नंबर बरोबरच लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मी अण्णांशी भांडताना कधी बोललो नाही. सुनावणीच्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, जुन्या नोटिसा नीट लावलेल्या. ते त्या मैदानाच्या जमिनीचे मालक होते. वीस वर्षांहून जास्त काळ आरक्षण, ना संपादन, ना मोबदला. विकता येत नव्हती, बांधता येत नव्हती, मुलाच्या धंद्याला तारण ठेवायला गेले तर बँक दारात उभी करत नव्हती. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली की त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालकाला 'जमीन विकत घ्या' अशी खरेदीची नोटीस देता येते आणि ठरलेल्या मुदतीत, आता ती २४ महिने आहे, संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा अर्ज एकच पानाचा होता. हिस्सा नंबर बरोबर होता. समितीने उरलेलं अर्धं आरक्षणही उठवलं.

मैदान जायला नको होतं, हे माझं मत आजही आहे. महापालिकेने वेळेत पैसे देऊन ती जमीन घ्यायला हवी होती, आणि आम्ही कॉलनीवाल्यांनी त्यासाठी वीस वर्षांत एकदाही अर्ज केला नव्हता. तुमच्या अर्जातली जागा खाजगी असेल तर आधी सातबारा काढा, मालक कोण ते बघा, आणि त्याला भेटून या. अर्जात आरक्षणासोबत वेळेत संपादनाची मागणीही लिहा. आम्ही कोणीच भेटलो नव्हतो. ते गृहस्थ आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होते.