दीड वर्ष अर्ज करतोय, फोन येत नाहीत. गोव्यात वशिल्याशिवाय नोकरी मिळते का?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी केमिस्ट्री होऊन दीड वर्ष झालं, राहायला डिचोलीत, साठेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज केले आणि दोनच फोन आले. आणि घरात सगळे म्हणतात, वशिला नसेल तर गोव्यात काही होत नाही.

मिळते. मला मिळाली, आणि माझ्या पाठीशी कोणीही नव्हतं. आज मी दक्षिण गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी एका खाणीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. खनिजात लोह किती, हे काढायचं काम. नमुना आम्लात विरघळवायचा, स्टॅनस क्लोराइडने क्षपण करायचं, मग डायक्रोमेटने टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या आकडे आखलेल्या नळीतून ते थेंबाथेंबाने सोडायचं. हिरव्या द्रावणात एका थेंबाने जांभळा रंग उमटला की ब्युरेट वाचायचं. एका टक्क्याने मालाचा भाव बदलायचा, म्हणून तो एक थेंब आम्ही जिवाच्या कराराने सोडायचो. आठ वर्षं हेच केलं आणि एका आठवड्यात सगळं थांबलं. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, आमच्या भागात कोणाचंच घर त्यातून सुटलं नाही.

माझ्या बायोडाटावर तेव्हा एकच ओळ होती: खाण कंपनीत केमिस्ट, ८ वर्षे. पाच महिन्यांत एकही फोन आला नाही. कॉलेजातल्या एका सरांना भेटायला गेलो, तर ते म्हणाले, "लोह बाजूला ठेव. तू हाताने काय करतोस ते लिही." मग लिहिलं: रोज तीस ते चाळीस नमुने, टायट्रेशन आणि वजनी पद्धतीने सिलिका, द्रावणं स्वतः तयार करून स्टँडर्डाइज करणं, रात्रपाळीत लॅब एकट्याने सांभाळणं, नोंदवही. माणूस तोच, काम तेच. पण आता औषध कंपनीतल्या माणसाला ते वाचून कळत होतं की याला आपल्याकडे कुठे उभा करता येईल.

आता वशिल्याबद्दल. खाणीतला आमचा एक जुना स्टोअरकीपर कुंडईला एका कारखान्यात लागला होता. त्याने सांगितलं, "आमच्या लॅबमधला एक जण चतुर्थीनंतर सोडतोय, अमक्या साहेबांच्या नावाने अर्ज दे." मला कामावर घ्यायचा अधिकार त्याला नव्हता. लेखी परीक्षा मी दिली, मुलाखत मी दिली. त्याने दिली ती फक्त बातमी. तिला मी ओळख म्हणतो. वशिला म्हणजे "याला घ्या" असं वरून सांगणं. तो आपल्या हातात नसतो, पण ओळख कोणालाही करता येते, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात ती फार लवकर होते. कारखान्यात एखाददुसरी जागा सुटली तर बऱ्याचदा जाहिरातच निघत नाही. आतल्या कोणीतरी सुचवलेल्या दोन-तीन जणांना बोलावतात आणि विषय संपतो. तुमचे साठ अर्ज चुकीचे नाहीत, ते फक्त या वाटेवर पोचलेच नाहीत.

म्हणून अर्ज कमी करा आणि माणसं गाठा. तुमच्या कॉलेजचे तीन-चार वर्षं पुढचे विद्यार्थी कुठे लागले ते विभागातल्या लॅब असिस्टंटला नक्की ठाऊक असतं, त्याला विचारा. डिचोलीत पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली माणसं तुमच्या ओळखीतली, नात्यातली असतील. पण त्यांना "माझ्यासाठी नोकरी बघा" म्हणू नका. त्या माणसावर ओझं पडतं, मग तो पुढच्या वेळी रस्ता बदलतो. त्याऐवजी विचारा: तुमच्याकडे फ्रेशर साधारण कधी घेतात? अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा? मुलाखतीत काय विचारतात? याची उत्तरं द्यायला कोणालाही आवडतं, आणि जागा निघाली की त्याला तुम्ही आठवता.

बायोडाटा एका पानाचा पुरे. "मेहनती, प्रामाणिक, आव्हानं स्वीकारणारा" हे सगळेच लिहितात, आम्ही ते वाचत नाही. कोणती उपकरणं स्वतः हाताळलीत, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय मोजलंत, ते लिहा. आणि एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, फक्त लांबून पाहिलं असेल तर हाताळल्याचं लिहू नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मागे सत्तरी तालुक्यातली एक मुलगी मुलाखतीला आली होती. मराठी माध्यमातून शिकलेली, इंग्रजी अडखळत. मी विचारलं, फिनॉल्फ्थॅलिन हा रंग दाखवणारा दर्शक घालून टायट्रेशन करताना कधी थांबतेस? म्हणाली, "गुलाबी दिसला की लगेच नाही, सर. ढवळल्यावर अर्धा मिनिट टिकला की." मग आपणहून सांगितलं की एकदा ब्युरेटचा कॉक गळत होता, म्हणून वाचन चुकलं. ते तिने गिरवून झाकलं नाही, त्यावर एकच रेघ मारली, सही-तारीख घातली आणि प्रयोग पुन्हा केला. कॉलेजात हे तिला कोणी सक्तीने शिकवलं नव्हतं. औषध कंपनीत मात्र चुकलेली नोंद अशीच ठेवतात, खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. एचपीएलसी येतं का विचारल्यावर सरळ नाही म्हणाली. आम्ही तिला घेतलं, मशीन तीन महिन्यांत शिकली. तुमच्याही जर्नलमध्ये असा एखादा प्रसंग असेल, तो शोधून ठेवा. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर गाव आणि टक्केवारीऐवजी तो सांगा.

अनुभव नाही म्हणून अडत असेल तर अप्रेंटिसशिप घ्या. स्टायपेंड कमी असतो आणि पुढे कायम करतीलच असं नाही, तरी एक वर्ष खऱ्या लॅबमध्ये गेलं की पुढच्या अर्जाचं वजन बदलतं. वेर्ण्यावरच नजर ठेवू नका. कुंडई, मडकई, थिवी आणि तुमच्या डिचोलीची स्वतःची औद्योगिक वसाहतही आहे.

सरकारी नोकरीची तयारी करायची तर जरूर करा. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा आता संगणकावर होतात. कोकणीचं ज्ञान सक्तीचं असतं, त्यामुळे घरात मराठी असली तरी कोकणी पक्की ठेवा. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावपळ नको. पण त्या निकालाची वाट बघत घरी बसू नका, खाजगीत काम करता करता परीक्षा देता येते.

आणि एक कळकळीने सांगतो. कोणीही "इतके लाख द्या, ऑर्डर आणून देतो" म्हणाला, तर तो नात्यातला असला तरी उठून या. २०२४ च्या अखेरीस याच प्रकारात गोव्यात एकामागून एक अटका झाल्या. लोकांनी दागिने मोडून पैसे दिले होते. माझ्या शेजारच्या घरानेही दिले, नोकरी आली नाही आणि पैसेही आले नाहीत. त्या आईचा चेहरा मला रोज दिसतो.

ऑफर आली की वर्षाच्या सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा बघून हुरळू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो, आणि तुमच्या पगारातून बेसिकच्या १२ टक्के वेगळे कापले जातात. हातात महिन्याला किती, हे स्पष्ट विचारा. त्याबरोबर कंपनीची बस डिचोलीपर्यंत येते का तेही विचारा, विशेषतः दुसऱ्या पाळीला. रात्री अकराला वेर्ण्याहून सुटलेल्या माणसाला घरी न्यायला पणजीत बस उभी नसते. मी हे विचारलं नव्हतं, आणि वेर्ण्यातले पहिले तीन महिने दुसरी पाळी असली की पणजीला मावशीकडे झोपायला जायचो.