मोडलं तर दिसेल असं लिही

वाचकांचे प्रश्न : बालशिक्षण

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी नागपुरात डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. 'माझे अध्यापनाचे तत्त्वज्ञान' या विषयावर आम्हाला दोन पानं लिहून द्यायची आहेत. शाळेच्या मुलाखतीतही हे विचारतात म्हणे. मी लिहिलं, पण वाचून पाहिलं तर ते माझं वाटत नाही. बालकेंद्री, कृतियुक्त, आनंददायी, परिसरातून शिक्षण, सर्वांगीण विकास असे सगळे शब्द त्यात आहेत आणि मैत्रिणींच्या कागदावरही तेच आहेत. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावात, मला दुसरीचा वर्ग मिळाला होता. तिथला एक मुलगा गणिताचा तास सुरू झाला की टेबलाखाली जाऊन बसायचा. तेव्हा काय करावं ते मला सुचलं नाही आणि माझ्या या दोन पानांतही त्याचं उत्तर नाही. लहान मुलांना शिकवणाऱ्याचं तत्त्वज्ञान कसं असावं?
— एक छात्राध्यापिका, नंदनवन, नागपूर

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ त्या टेबलाखालच्या मुलाची आहे. ती दोन पानांत आली नाही, पत्रात आली. लिहायला तिथूनच सुरुवात कर.

मी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. आता निवृत्त आहे. वर्गावर पाठ घ्यायला तुझ्यासारख्या मुली यायच्या, त्यांना मी एकच कसोटी सांगायची. कागदावरचं प्रत्येक वाक्य घे आणि विचार, उद्या वर्गात हे माझ्याकडून मोडलं तर कुणाला दिसेल का? दिसणार नसेल तर ते वाक्य काढून टाक. 'मी मुलांवर प्रेम करीन' हे कधी मोडलं, ते कुणालाच कळत नाही. 'सर्वांगीण विकास साधीन' याचंही तसंच. पण 'मुलाचं उत्तर चुकलं तर फुली मारण्याआधी मी त्याला विचारीन, कसं काढलंस सांग' हे मोडलं तर पहिलीतल्या लेकरालाही दिसतं. असं वाक्य लिहिणाऱ्याला बांधून ठेवतं. तुझ्या दोन पानांत अशी पाच-सहा वाक्यं असली तरी पुष्कळ झालं.

मूल म्हणजे मातीचा गोळा आणि शिक्षक म्हणजे कुंभार, हे तर अजिबात लिहू नकोस. सहा वर्षांचं मूल वर्गात पाऊल टाकतं तेव्हा त्याला एक अख्खी भाषा बोलता येते. दुकानातून साखर आणून उरलेले सुटे पैसे आईच्या हातावर ठेवता येतात. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरता येतं. त्याला गोळा म्हणायचं म्हणजे हे सगळं पुसून टाकायचं.

'कसं काढलंस' हे का विचारायचं, ते सांगते. दुसरीत 'तेवीस लिही' म्हटलं की काही मुलं हमखास ३२ लिहितात. वहीवर फुली मारली की आपलं काम संपतं, पण मुलाच्या हाती काय लागतं? त्याला विचारलं तर ते सरळ सांगतं : 'मॅडम, आधी “ते” म्हटलं, मग “वीस” म्हटलं.' त्याने कानावर विश्वास ठेवून, ऐकलं त्याच क्रमाने लिहिलेलं असतं. एकोणतीसला तर आपण नाव तिसाचं घेतो आणि लिहितो विसातलं, म्हणून तिथे कुणी ३९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता. माझं मत असं की मुलाला दोन्ही ऐकू द्यावं. घरात, बाजारात तेवीसच चालतं, ते त्याला यायलाच हवं. पण त्याआधी हातात काड्या द्याव्यात. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधायच्या, दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, मग तोंडाने म्हणायचं, मग लिहायचं. जुडी डावीकडे, सुट्या उजवीकडे. कुठलंही गाव असो, ३२ लिहिणारं मूल मंद नसतं. हे ज्या शिक्षिकेला आतून पटलंय, तिच्या वर्गात मुलं उत्तर लपवत नाहीत.

आता तुझ्या कागदावरचं 'परिसरातून शिक्षण'. ते चांगलं आहे, फक्त त्यात परिसर नाही. नागपूरच्या मुलीने ते लिहावं आणि त्यात संत्रं असू नये? आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) माल ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतो. थंडीच्या एखाद्या सकाळी चार-चार मुलांच्या गटाला एकेक संत्रं दे. सोलायच्या आधी विचार, आत किती फोडी असतील? प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर त्याच्या नावापुढे लिही. कुणी पाच सांगेल, कुणी शंभर. मग सोलू दे. आपल्या संत्र्याची साल सैल असते, पहिलीतल्या बोटांना ती निघते, आणि बोटांना तो व्यायाम हवाच असतो. फोडी ओळीत लावून मोजायच्या. एका गटाच्या दहा निघतात, दुसऱ्याच्या अकरा, आणि लगेच भांडण, 'तुमचं चुकलं!' तिथे तू मध्ये पडू नकोस. एकमेकांच्या फोडी मोजू दे. दोन संत्र्यांत फोडी सारख्या नसू शकतात हे त्यांनी स्वतः शोधलेलं असेल. मग चार जणांत अकरा फोडी वाटायच्या. तीन उरतात, त्यांचं काय करायचं? माझ्या वर्गात एकदा एका गटाने त्या तीन फोडी वर्ग झाडणाऱ्या मावशींना नेऊन दिल्या, दुसऱ्याने प्रत्येक फोडीचे तुकडे करून पुन्हा वाटले. अपूर्णांकाचं नाव न घेता त्यांनी तो केला. बिया धुऊन वाळवल्या की त्या पुढे महिनाभर मोजायला चालतात. बेरीज, अंदाज, वाटणी, भाषा, सगळं त्या अर्ध्या-पाऊण तासात आलं. मुलाखतीत हा तास असाच्या असा सांग. त्यापुढे 'कृतियुक्त' हा शब्द वापरायची गरज पडणार नाही.

भाषेचंही असंच. तान्हा पोळ्याच्या (मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या) दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडायचा हट्ट धरू नकोस, कारण मुलांच्या पोटात गोष्टी मावत नसतात. लाकडाचा बैल घेऊन कुणाकुणाच्या घरी गेले, बोजारा (बैल दाखवल्याची भेट) काय मिळाला, इतवारीत काळी मारबत नि पिवळी मारबत या मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्या पाहताना कुणाची चप्पल हरवली. त्यांना बोलू दे आणि ते म्हणतील तसं फळ्यावर लिही. 'आम्ही मारबत पाहून राहिलो होतो, मग पाणी आलं.' अगदी हेच, आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीतलं, लिही. ते वाक्य ज्याचं आहे त्याला ते आधीच पाठ असतं, म्हणून त्यातले शब्द तो भराभर ओळखतो, आणि बाकीची मुलंही त्याच्या मागे वाचतात. पुस्तकातली मराठी त्याला हळूहळू येईल, यायलाच हवी. पण पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडचं वाक्य दुरुस्त केलं तर तो वर्गात बोलायचंच सोडतो, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार कठीण असतं. हां, ज्यांच्या घरी बैल नव्हता त्यांचा विचार आधीच करून ठेव. पोळ्याच्या आठवड्यात वर्गातच मातीचे बैल करून घेतले तर कुणी रिकाम्या हाताने राहत नाही.

मारणार नाही, अपमान करणार नाही, यावर परिच्छेद खर्ची घालू नकोस. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदीच घातली आहे. कायदा पाळणं हे काही तुझं वेगळं तत्त्व नव्हे. त्याऐवजी गोंगाट झाला की तू काय करशील ते लिही.

आता तो टेबलाखालचा मुलगा. त्याला ओढून बाहेर काढायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पाठाच्या टाचणाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काही दिवस फक्त नोंद कर. नेमक्या कोणत्या कामाला तो खाली जातो, फळ्यावरून उतरवून घ्यायचं असताना की तोंडी विचारताना? शेजारी कोण असतं? खिचडीच्या सुट्टीआधी जातो की नंतर? बाहेर कधी येतो? उतरवून घेतानाच जात असेल तर कदाचित त्याला फळा नीट दिसत नसेल, आणि मग डोळे तपासून घ्यायला हवेत. तोंडी विचारताना जात असेल तर चारचौघांत चुकायची भीती असू शकते. सकाळी काही न खाता येत असेल तर ते आईशी बोलून कळेल. आणि हे कळेपर्यंत काड्यांची जुडी त्याच्या हाताशी, टेबलाच्या पायाजवळ ठेव. गणित तिथे बसूनही करता येतं. तुझ्या दोन पानांत याचं वाक्य असं होईल : 'मूल कामापासून पळत असेल तर कारण कळेपर्यंत मी त्याला हट्टी म्हणणार नाही, नोंद ठेवीन, आणि काम त्याच्यापर्यंत नेईन.' हे मोडलं तर दिसतं.

माझ्याकडे पहिलीत एक मुलगी होती, तिचं सगळं लक्ष दाराकडे. आई पहाटेच कॉटन मार्केटला भाजी निवडायला जायची, म्हणून ही धाकट्या भावाला सोबत आणायची आणि तो व्हरांड्यात बसायचा. त्याला आत घेतलं, पाटी-खडू दिला, आणि त्या दिवसापासून तिची मान फळ्याकडे वळली.

यात माझी हुशारी काही नाही, हा रस्ता फार जुना आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर घरची कामं आणि धाकटी भावंडं आहेत, हे त्यांना दिसलं. मग शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तू विचारवंतांची नावं घ्यावीत का, असं मनात असेल तर घे, पण एकच घे आणि त्या व्यक्तीने काय केलं ते लिही. ताराबाईंचं तत्त्वज्ञान त्या अंगणात दिसतं. गिजुभाई बधेका, माँटेसरी, फ्रोबेल अशी ओळीने नावं मांडून परीक्षक प्रसन्न होतात हा समज सोडून दे.

आणखी एक. जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हाही उकाडा असतो आणि मार्च-एप्रिलची सकाळची शाळा तर सूर्याशी शर्यत. डोक्याला ताण देणारं काम पहिल्या तासांत, गाणी-गोष्टी नंतर, मधे पाणी प्यायची सुट्टी हमखास. हे तुझ्या कागदात एका ओळीत आलं तर वाचणाऱ्याला कळेल की ही मुलगी खरोखर इथल्या वर्गात उभी राहिलेली आहे.

प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या एका खासगी शाळेत नर्सरीला शिकवते. साडेतीन वर्षांच्या मुलांकडून एक ते पन्नास आणि पूर्ण एबीसीडी लिहून घ्यावी लागते. मुलं 'हात दुखतो' म्हणून रडतात. हे मला पटत नाही, पण पालक रोज वही तपासतात. नोकरी सोडू का?
— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, सोडू नका. तुम्ही गेलात तर त्या मुलांचा हात दुखतो हे ऐकणारं तिथे कोण उरेल?

मुलं खरं सांगत आहेत. या वयात मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, रूपात असतात, बोटांचे बारीक स्नायू तयार होत असतात. पेन्सिल धरायच्या आधी हाताला दुसरी कामं हवीत. कणकेचे गोळे, मटार सोलणं, मणी ओवणं, बटणं लावणं, कागद फाडून चिकटवणं, ओल्या वाळूत बोटाने रेघा.

मुख्याध्यापिकांशी बोलताना 'मला पटत नाही' यावर थांबू नका. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि तिथे खेळातून शिकण्यावर भर आहे. त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडाही २०२२ मध्ये आला. त्याची प्रत सोबत न्या आणि एकाच सत्राची, एकाच वर्गाची परवानगी मागा. रोज लिखाणाच्या तासातला अर्धा वेळ हाताच्या कामाला.

पालकसभेत प्रत्येक पालकाला कागद देऊन ज्या हाताने लिहीत नाहीत त्या हाताने एक ते वीस लिहायला सांगा, तेही चौकटीत. दहाच्या आतच ते हात झटकायला लागतील. मग त्यांच्यासमोर मुलांचं जुलैचं चित्र आणि डिसेंबरचं चित्र शेजारी-शेजारी ठेवा. त्यासाठी शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक चित्र काढून घ्या, मागे तारीख घाला आणि ते जपून ठेवा.